फॅशनचे सिनेमे काढणाऱ्यांना वेंगुर्ल्याच्या पार्लरमधून खुलं पत्र

सर्व निर्माते, दिग्दर्शक, पटकथाकार, कास्टिंगवाले आणि स्टायलिस्ट मंडळींना,

स.न.वि.वि.

मी वेंगुर्ल्यात पार्लर चालवते. बाजारातल्या एका माडीवर खोली आहे. दोन खुर्च्या, मोठा आरसा आणि इन्व्हर्टर. लग्नाच्या सकाळी नेमकी लाइट जाते, त्यामुळे आरशापेक्षा इन्व्हर्टर महत्त्वाचा. भुवया कोरण्यापासून नवरी नटवण्यापर्यंत सगळं करते. सिनेमातलं मला फार कळतं असं नाही. पण तुमच्या सिनेमांत एक प्रसंग हमखास येतो आणि तो माझा रोजचा धंदा आहे. तेव्हा त्यावर चार शब्द बोलायला मला कुणाची परवानगी नको.

प्रसंग तुम्हाला तोंडपाठ आहे. मुलगी साधी. डोळ्यांना चष्मा, केसांना तेल, आवळून घातलेली वेणी, अंगात ढगळ कपडे. मग कुणी शहाणी मैत्रीण, कुणी मॅडम, नाहीतर मासिकातला कुणी जाणकार तिला हाताला धरून नेतो. गाणं सुरू होतं. कात्री चालते, खरेदीच्या पिशव्या वाढत जातात, ट्रायल रूमचं दार पुन्हा पुन्हा उघडतं. गाणं संपता संपता कॅमेरा तिच्या टाचांपासून सावकाश वर चढतो आणि हिरो आ वासून उभा. चष्मा कुठे गेला, नंबर किती होता, आता तिला रस्ता दिसतो की नाही, याची चौकशी आजवर कुणी केल्याचं मी पाहिलं नाही.

'मैं हूँ ना'मध्ये (२००४) लकी ज्या संजनाला दोस्त म्हणून रोज बघतो, तिच्याकडे त्याचं खरं लक्ष जातं ते चांदनी मॅडमनी तिला नटवल्यावर. 'आयशा'मध्ये (२०१०) बहादूरगढहून दिल्लीत आलेली शेफाली आयशाच्या हाती सापडते आणि आयशा तिला आपल्या मनासारखी घडवायला घेते. 'खून भरी माँग' (१९८८) तर याही पुढे गेलेला. चेहऱ्यावर डाग असलेल्या साध्यासुध्या विधवेला नवा नवरा मगरीच्या तोंडी देतो. ती वाचते, प्लास्टिक सर्जरी करून घेते आणि सूड उगवायला परत येते ती मॉडेल होऊन. म्हणजे बाईला नुसता सूड घ्यायचा असला, तरी आधी सुंदर होऊन यायचं. त्या मगरीपेक्षा मला हा नियम जास्त भीतीदायक वाटतो.

आता या 'आधी'च्या चित्राकडे नीट बघा. खोबरेल तेल, चापूनचोपून घातलेली वेणी, वेणीत अबोलीचा वळेसर म्हणजे गजरा, चष्मा, सुती पंजाबी ड्रेस, पायांत रबरी चपला. ही आमच्याकडची अंगणवाडीची बाई आहे, पोस्टातली कारकून आहे, माझी सख्खी मावशी आहे. तुमचं 'आधी' हे आमचं नेहमीचं आहे. मार्च-एप्रिलात सुरंगी फुलते तेव्हा एस.टी.त चढणाऱ्या कितीतरी बायकांच्या डोक्यात तिचा वळेसर असतो आणि सगळी गाडी घमघमते. आमच्याकडे याला नटणंच म्हणतात. तुमच्या गोष्टीत मात्र ती वेणी सुटते, तेल धुतलं जातं आणि फूल तर गाणं सुरू व्हायच्या आधीच गेलेलं असतं.

धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी तुमच्या मेकअप दादांना चांगली माहीत आहे. पडद्यावरच्या मेकओव्हरमध्ये जास्त मेहनत 'नंतर'ला लागत नाही, 'आधी'ला लागते. हिरॉइन मुळात तयारच असते. जिमला जाऊन आलेली, दात सारखे केलेली, केसांवर हजारो रुपये घातलेली. तिला साधी करायची म्हणजे रोज भुवया जाड करा, केस चिकट करा, खांदे पाडून चालायला शिकवा. मग एके दिवशी हे सगळं काढून टाका. प्रेक्षकाला वाटतं, मुलगी सुंदर झाली. झालेलं काहीच नसतं, सोंग तेवढं उतरलेलं असतं. पण थिएटरमधून बाहेर पडणारी पोरगी घरी जाऊन आरशासमोर उभी राहते, तेव्हा तिच्या अंगावर उतरवायला असं काही नसतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक युनिट आलं होतं. नाव घेत नाही. सिनेमा पुढे लागला की डब्यात गेला, तेही कळलं नाही. गोष्ट अशी, की मासे विकणाऱ्या बाईची मुलगी मुंबईला जाते आणि मोठी मॉडेल होते. मुंबईहून आलेल्या मेकअप दादांच्या हाताखाली मला स्थानिक मदतनीस म्हणून घेतलं होतं. हिरॉइन गोरीपान. रोज सकाळी तिला दोन-अडीच तास बसवून काळी करायचो. नुसता चेहरा नाही. कान, कानामागे, मान, पाठीचा उघडा भाग, हातांची बोटं, पायांच्या घोट्यांपर्यंत, सगळीकडे स्पंज फिरवायचा. आणि जागा कुठली, तर वेंगुर्ल्याचं बंदर, मे महिना. दहा वाजले की घाम सुटायचा आणि मानेवरून तपकिरी ओघळ यायचे. ब्लाउजच्या गळ्याला डाग. 'टच-अप!' म्हणून हाक आली की मी टिश्यू आणि स्पंज घेऊन धावायची. बाई बिचारी मुकाट बसायची, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पहिल्या दिवशी रंग जुळेना. जरा लालसर दिसत होता. बाजाराच्या सीनसाठी आमच्या इकडच्या मुली गर्दीत उभ्या करायला आणल्या होत्या. दादांनी त्यांतल्या एकीला जवळ बोलावलं, तिचा हात धरला आणि तिच्या मनगटाशी पॅलेट नेऊन शेड जुळवायला लागले. थोडा पिवळा घातला, थोडा गडद तपकिरी घातला, परत मनगटाशी नेलं. शेवटी तंतोतंत जमलं. ती पोरगी बघत होती. म्हणाली, "माझोच रंग व्हयो तर माकाच घेवा मगे!"

सगळे हसले. दादाही हसले. मग ती गर्दीत गेली आणि तिच्या मनगटावरचा रंग हिरॉइनच्या गालावर.

शेवटी मेकओव्हरचा सीन होता. त्या दिवशी माझं काम सोपं होतं. अंगाला रंग लावायचाच नाही. सकाळी बाई स्वतःच्या रंगात खुर्चीत बसली, केस धुतले, ब्लो-ड्राय केले, झाली मॉडेल तयार. मधल्या काही शॉट्ससाठी अर्धा रंग लावून पुसायचा होता, तर कापसाच्या बोळ्यांनी पिशवी भरली. कोकणातली मुलगी सुंदर कशी होते, तर तिच्या अंगावरून कोकणातल्या मुलीचा रंग पुसला की. मॉनिटरसमोर बसलेल्या कुणालाही यात काही खटकलं नाही.

असे प्रकार फक्त छोट्या युनिटांत होतात म्हणावं, तर तसंही नाही. 'बाला' (२०१९) हा सिनेमा माणसाने आपल्या रूपाची लाज बाळगू नये, हेच सांगायला काढलेला. त्यात रंगावरून बोलणी खाणारी वकील दाखवायला भूमी पेडणेकरला मेकअपने काळी केली. लोक तेव्हाही बोलले होते. चांगली नटी आहे, काम चांगलंच केलं. पण सावळ्या मुलीचं दुःख सांगायलासुद्धा सावळी मुलगी मिळू नये?

आणि खास फॅशनच्या धंद्याचं पितळ उघडं पाडणारा म्हणून ज्याचं नाव झालं, तो 'फॅशन' (२००८) बघा. प्रियांका चोप्रा आणि कंगना रनौत, दोघींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि कामं तशी होतीच. मॉडेल मुलींचं काय होतं, कोण कसं वापरून घेतं, ते त्यात धीटपणे दाखवलंय. पण नायिका आता पुरती रसातळाला गेली हे प्रेक्षकाला कळावं म्हणून दिग्दर्शकाने काय केलं? सकाळी जाग येते तेव्हा तिच्या शेजारी एक काळा परदेशी माणूस झोपलेला असतो. बस. ते बघून तिचे डोळे उघडतात. त्या माणसाला नाव नाही, धड बोलणं नाही. तिचं अधःपतन मोजायला त्याच्या कातडीचा रंग पुरे झाला. गोऱ्या माणसाशेजारी जाग आली असती तर तो सीन लिहिला गेला असता का, हे लेखकाने स्वतःशी विचारून बघावं.

इंग्रजी सिनेमांचं मी फार पाहिलेलं नाही, पण 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' (२००६) माझ्या भाचीने मला लॅपटॉपवर दाखवला आणि त्यातलं एक भाषण डोक्यात बसलं. फॅशन मासिकाची संपादक मिरांडा, तिच्याकडे नवीन लागलेली अँडी. अँडीला कमरेच्या दोन पट्ट्यांतला फरक कळत नाही, म्हणून ती हसते. मग मिरांडा तिच्या अंगातल्या निळ्या स्वेटरची वंशावळ सांगते. तो विशिष्ट निळा आधी कुठल्या बड्या डिझायनरने रॅम्पवर आणला, मग बाकीच्यांनी उचलला, मग मोठ्या दुकानांत उतरला आणि शेवटी सेलच्या ढिगाऱ्यात आला, जिथून अँडीने तो उचलला. तुला वाटतं तू निवडलास, पण निवडला आम्ही, असा सगळा रोख. इतकं नेमकं मी कुठल्या सिनेमात ऐकलेलं नाही.

गंमत पुढे आहे. याच सिनेमात सहा नंबरचे कपडे बसणाऱ्या अँडीला जाडी म्हणतात. अमेरिकेतला सहा नंबर म्हणजे आमच्या बाजारातली शिंपीण 'गो, काय खातंस की नाय?' म्हणून विचारील असलं अंग. तिथेच काम करणारा नायजेल तिला मासिकाच्या कपाटातले कपडे चढवून नवी करतो, आणि पुढे तिने त्याला आपण आता सहा नाही, चार नंबर झालोय, असं खुशीत सांगितलेलं आहे. निळा रंग वरून खाली कसा झिरपतो हे ज्या सिनेमाला इतकं लख्ख कळतं, त्याला बारीक असण्याची सक्ती कुठून झिरपते हे मात्र सांगावंसं वाटत नाही. तिथे तो विनोद करतो आणि पुढे जातो.

ती झिरपत झिरपत येते कुठे, ते मी सांगते. माझ्या माडीवर येते.

पोरी मोबाइल पुढे करतात. स्क्रीनशॉट असतो. "ताई, असंच करा." सोबत आई असली की आईचं वेगळं. लग्नाच्या आदल्या दिवशी आई बाजूला घेऊन सांगते, "जरा उजळ दिसांदे हां, तिकडची माणसां गोरी आसत." नवरीचं स्वतःचं म्हणणं, "ताई, फोटोत काळी दिसाक नको हां मी." मग मी तिला खिडकीपाशी नेते. फाउंडेशनची शेड हातावर लावून बघायची नसते, जबड्याच्या कडेला, मान सुरू होते तिथे लावायची आणि दिवसाच्या उजेडात बघायची. जी शेड दिसत नाही ती तिची. पण 'दिसत नाही' हेच तिला नको असतं. दोन शेड वरची लावली की खोलीत ती खूश होते. मंडपात जाते, घाम येतो, फोटोग्राफर फ्लॅश मारतो आणि अल्बममध्ये तोंड राख फासल्यासारखं करडं, मान वेगळी, हात वेगळे. सनस्क्रीनमधल्या आणि पावडरमधल्या पांढऱ्या घटकांवर फ्लॅश पडला की सावळ्या कातडीवर असं होतं. हे मी प्रत्येकीला समजावते. काही ऐकतात.

ब्लीचचं तसंच. अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याने चेहऱ्यावरची लव सोनेरी होते, म्हणून चेहरा थोडा उजळ वाटतो. कातडीचा रंग तसूभर बदलत नाही. केस सरळ करायचे तर तीन-चार तास खुर्चीत बसायचं, त्यातल्या काही औषधांतून गरम इस्त्री फिरली की फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, माझेही आणि तिचेही. बरं, केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात, पण वाढतात. दिवाळीला सरळ केलेले केस पावसाळ्यापर्यंत मुळाशी कुरळे होऊन बाहेर आलेले असतात, त्यात आमची ही दमट हवा. तुमच्या हिरॉइनचे केस गाणं संपल्यावर कायमचे सरळ राहतात. तिची मुळं कधी वाढताना दाखवा की.

हे झालं वरवरचं. खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे. गोरं करणारी एक प्रसिद्ध क्रीम १९७५ मध्ये आपल्या देशात आली आणि २०२० मध्ये तिने नावातून गोरेपणा काढून टाकला, 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली. ठीक. पण ज्यांना पंधरा दिवसांत फरक हवा असतो त्या हल्ली दुसऱ्याच ट्यूब आणतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं बारीक अक्षरांत छापलेली असतात. ही स्टेरॉइडं आहेत. इसब, सोरायसिस अशा आजारांवर डॉक्टरने ठरावीक दिवसांसाठी द्यायची. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केला. तरी मिळतात. लावल्यावर सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो, म्हणून एकीची बघून दुसरी आणते. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर केस येतात, उन्हात गेलं की आग. आणि लावायचं थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं, म्हणून थांबवता येत नाही. अशी मुलगी आली की मी तिच्या चेहऱ्याला हातच लावत नाही, कातडीच्या डॉक्टरकडे पाठवते. काही बिननावाच्या डब्यांत पारा असतो. कायद्याने तो दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये, आणि जास्त असला तर तो मूत्रपिंडांपर्यंत जातो. डबीवर कुणाचा पत्ता नाही, तर जाब विचारायचा कुणाला?

तुम्ही म्हणाल, क्रीम आम्ही विकत नाही. नाही विकत. पण ते तीन मिनिटांचं गाणं तुमचं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या नवऱ्यांत काजूच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुली बऱ्याच. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, इथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती सगळ्या किनाऱ्यावर लागल्या आहेत, त्याचा मला अभिमान आहे. पण काजूच्या टरफलात तेल असतं ते जाळणारं. बी फोडताना बोटांना लागतं. हातमोजे असले तरी सगळ्याजणी सगळा वेळ घालत नाहीत, कारण मोजे घालून हात भराभर चालत नाही आणि पैसे किलोवर असतात. बोटांची टोकं काळी पडतात, कातडी सोलते, खाली गुलाबी दिसतं, परत काळी पडते. मॅनिक्युअरने ते जात नाही. मी सांगते, लग्नाच्या आधी काही आठवडे कामाला जाऊ नको. ती हसते. लग्नाचा खर्च त्याच कामातून व्हायचा असतो. मग आम्ही मेंदी गडद काढतो, बोटांची टोकं पूर्ण भरून. आता बरेच जण तेच डिझाइन मागतात, कारण छान दिसतं. ते कुठून आलं ते त्यांना माहीत नसतं.

या हातांवर एक शॉट लावा तुमच्या फॅशनच्या सिनेमात. फॅशन म्हणजे शेवटी हातांचंच काम ना? कुणीतरी टीप घालतं, कुणीतरी जरी भरतं, कुणीतरी रात्री दोन वाजता हेम उलगडून परत शिवतं. तुमच्या सिनेमांत कपडे थेट हँगरवर उगवतात.

एक मान्य करते. नटणं, रंग लावणं, वेगळंच कुणीतरी होऊन येणं, याला माझा विरोध असता तर मी दुकान बंद केलं असतं. आम्ही तर दशावताराच्या मुलखातली माणसं. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात. रात्री देवळामागे नट आपापल्या पेटीवर आरसा टेकवून बसतो, स्वतःच्या हाताने सफेदा लावतो, भुवई रेखतो, ओठ रंगवतो, गंगावन बांधतो, नऊवारी नेसतो आणि तासाभरात राणी होऊन उभा राहतो. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "गो, ह्यो काल माझ्याकडे नारळ पाडूक इल्लो मां!" आणि पुढच्या घटकेला तीच म्हातारी राणीच्या दुःखाने डोळे पुसत होती. पहाटे राणी तोंड धुते आणि एस.टी. पकडते. यात कुणाला असं वाटत नाही की नारळ पाडणारा खोटा होता आणि राणी हे त्याचं खरं रूप होतं. दोन्ही त्याचीच. (तिथेही राणी गोरी आणि राक्षस काळा, हे आहेच. ते भांडण मी आमच्या लोकांशी वेगळं भांडते.)

बालगंधर्वांचं तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते साडी कशी नेसतात, फुलं कशी माळतात, हे बघून घराघरांतल्या बायका नेसायला आणि माळायला लागल्या. बाईने कसं दिसावं हे एका पुरुष नटाने ठरवलं, हेही गमतीचंच. पण त्या बायकांनी त्यांच्याकडून एक पद्धत उचलली आणि आपल्या अंगावर आपल्याला हवी तशी बसवली. तुमच्या सिनेमातली मुलगी पद्धत उचलत नाही, ती आधीची मुलगी टाकून देते. नव्या कपड्यांत ती आईकडे परत येते तेव्हा आईचंच घर तिला उपरं वाटतं, आणि पार्श्वसंगीत सांगतं की हीच प्रगती.

"प्रेक्षकांना हेच लागतं" हे उत्तर तयार असेल. कुठल्या प्रेक्षकांना? 'सैराट' (२०१६) आला तेव्हा अकलूजच्या रिंकू राजगुरूला कुणी मेकओव्हर दिला नव्हता. ती ट्रॅक्टर चालवत आली, बुलेट चालवत आली आणि तो मराठीतला सगळ्यात जास्त कमाई करणारा सिनेमा ठरला. त्या वर्षी माझ्याकडच्या पोरी क्रीमचं विचारत नव्हत्या, बुलेट शिकवणारा कोण आहे का विचारत होत्या. 'सुई धागा' (२०१८) तर कपड्यांवरचाच सिनेमा. त्यात शेवटी रॅम्पवर शेजारपाजारची साधी माणसं चालतात, जशी आहेत तशी, आपल्या कपड्यांत. कुणाला बारीक केलं नाही, कुणाला गोरं केलं नाही. बघताना काही अडलं का? मराठीत 'वजनदार' (२०१६) झाला, त्यासाठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजन वाढवलं. विषय हाताळला हे चांगलंच केलं. पण कौतुक झालं ते मुख्यतः वजन वाढवण्याचं. मुळातच अंगाने भरलेली एखादी चांगली नटी महाराष्ट्रात नव्हती का, हे तेव्हाही मनात आलं होतं. आणि आपल्याकडे स्मिता पाटील होऊन गेली. सावळी, कॅमेऱ्याने जिच्यावरून नजर हलवली नाही अशी. तिचा फोटो तुमच्या निम्म्या ऑफिसांत भिंतीवर असतो. त्या फोटोखाली बसून तुम्ही कास्टिंगच्या जाहिरातीत 'फेअर' लिहिता.

मला तुमच्याकडून उपदेशाचा सिनेमा नको. 'सौंदर्य मनात असतं' असलं काही शेवटी कुणाच्या तोंडी घालू नका, मनाचा मेकअप कुणी करून मागत नाही. मेकओव्हर दाखवा, जरूर दाखवा, मला बघायला आवडतो. फक्त पूर्ण दाखवा. त्याचं बिल किती झालं आणि ते कुणी भरलं, ते दाखवा. खुर्चीमागे उभी असलेली, दिवसभर उभं राहून पिंढऱ्या सुजलेली पार्लरवाली दाखवा, तिलाही दोन वाक्यं द्या. मुलीला चष्मा असू द्या, चष्म्यावर छान दिसणारा आयलायनर कसा काढायचा ते मी फुकट शिकवते. सावळी मुलगी हवी असेल तर सावळीच घ्या, आणि तिला फक्त रंगाचं दुःख देऊ नका. तिला पैशांची चोरी करू दे, रॅम्पवर पडू दे, बॉसशी भांडू दे, चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडू दे. गोऱ्या हिरॉइनला जेवढ्या भानगडी करायला मिळतात, तेवढ्या तिलाही मिळोत.

आणि कोकणात शूटिंगला याल तेव्हा मासळी बाजारात सकाळी एकदा नुसते उभे राहा. तुमच्या गाण्यातल्या कोळणीचे केस मोकळे असतात आणि टोपली कोरडी. आमच्या बाजारात केस घट्ट बांधलेले असतात, कारण मोकळे केस मासळीत पडतात, आणि टोपलीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरू नये म्हणून डोक्यावर प्लास्टिक घेतलेलं असतं. साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, गळ्यात सोनं, कानांत मोठ्या कुड्या, आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांना स्टायलिस्ट लागत नाही. फोटो काढायचा झाला तर आधी विचारा, आणि जाताना बांगडे विकत घ्या, नाहीतर जे ऐकाल त्याला सबटायटल देता येणार नाही.

ज्या पोरीच्या मनगटावर दादांनी शेड जुळवली होती, तिचं लग्न झालं. नवरी मीच नटवली. तिने स्वतःच्याच रंगाची शेड मागितली आणि केसांत सुरंगी. सुरंगीचा हंगाम संपत आला होता, आसोलीहून कुणाकडून तरी मागवावी लागली. तिचा दीर मोबाइलवर बऱ्यापैकी व्हिडिओ करतो. कास्टिंगला पाठवायचा असेल तर कळवा, ती तयार आहे, मात्र गर्दीत उभी राहणार नाही म्हणते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वेंगुर्ल्याची एक पार्लरवाली

ता.क. : त्या युनिटच्या प्रॉडक्शनवाल्यांनी हे वाचलंच, तर माझे शेवटच्या दिवसाचे पैसे आणि स्पंजांचं बिल अजून यायचं आहे. स्पंज मी माझ्या खर्चाने आणले होते, आणि त्या रंगाने ते परत वापरण्याजोगे राहिले नाहीत.